हाडांची बखर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा आवाज या क्षणी तुमच्यापर्यंत पोहोचतो आहे. त्याच्या वाटेवरच्या शेवटच्या टप्प्यात तीन चिमुकली हाडं उभी आहेत. कानाच्या पडद्यामागे एका ओळीत बसलेली. शाळेच्या पुस्तकात त्यांची नावं आपण पाठ केली होती : हातोडा, ऐरण आणि रिकीब. पडदा थरथरला की हातोडा हलतो, तो ऐरणीला हलवतो, ऐरण रिकिबीला हलवते आणि रिकीब ती थरथर आतल्या कानातल्या द्रवापर्यंत नेऊन पोहोचवते. ही रिकीब म्हणजे माणसाच्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. गंमत अशी की हातोडा आणि ऐरण लोहाराच्या दुकानातून आले, तर 'रिकीब' हा शब्द अरबी-फारसीतून घोडदळाबरोबर आपल्या मराठीत आला. तिघं मिळून तुम्हाला माझं बोलणं ऐकवताहेत आणि कोण कुठून आलं याची चौकशी त्यांच्यात होत नाही.

आज मी हाडांविषयी बोलणार आहे. मी कविता लिहिणारी बाई, शिक्षण बी.ए., तेव्हा डॉक्टरकीचा आव मी आणणार नाही. पण शब्दांच्या धंद्यात असल्यामुळे एक गोष्ट फार दिवसांपासून लक्षात आली आहे. आपल्या भाषेला हाडाबद्दल मोठा आदर आहे. शिक्षक मनापासून शिकवत असेल तर आपण त्याला 'हाडाचा शिक्षक' म्हणतो. रक्ताचा किंवा मांसाचा म्हणत नाही. कष्ट पराकोटीला गेले की हाडांची काडं होतात. शत्रुत्व पिढ्यान् पिढ्या चाललं की ते हाडवैर ठरतं. जे वरवरचं नाही, ते हाडात असतं, असं मराठी माणसानं धरलेलं आहे. फक्त जिभेला हाड नसतं असं आपण म्हणतो, आणि तेही खरंच आहे. पण जिभेच्या मुळाशी, गळ्यात, घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. नुसतं स्नायूंच्या आणि बंधांच्या आधारानं ते लटकत असतं. आपलं सगळं बोलणं, गिळणं आणि गाणं या एकट्या हाडाच्या आसऱ्यानं चालतं.

आता आपल्याला हाडं किती, हा प्रश्न. आज उत्तर सोपं वाटतं : मोठ्या माणसाची २०६. पण या आकड्यापर्यंत यायला माणसाला फार वेळ लागला. चरकसंहितेत ३६० हाडं सांगितली आहेत, सुश्रुतानं ३०० सांगितली. दोघांनी मोजताना काय काय धरलं ते वेगळं होतं. दात, नखं, कूर्चा यांचाही हिशेब त्यात आहे. इकडे हदीसमध्ये माणसाच्या शरीरात ३६० सांधे असल्याचं सांगितलं आहे आणि प्रत्येक सांध्याबद्दल रोज काहीतरी भलं काम करावं, असं म्हटलं आहे. ग्रीक वैद्य गॅलेन यानं माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असल्याचं लिहून ठेवलं होतं आणि हजार वर्षं जगानं ते मानलं. इसवी सन १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसं इतकी मेली की कैरोजवळ सांगाड्यांचे ढीग पडले. अब्द अल-लतीफ अल-बगदादी नावाचा हकीम तिथं होता. त्यानं दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या आणि लिहिलं की जबडा एकाच हाडाचा आहे, त्यात सांधा नाही. ग्रंथ कितीही थोर असला तरी डोळ्यांची साक्ष त्याहून मोठी, एवढं सांगायला त्या दुष्काळात मेलेली माणसं उपयोगी पडली. मला ही हकिगत वाचताना आनंद आणि शरम दोन्ही वाटतं.

बाळाच्या अंगात हाडांचे तुकडे मोठ्या माणसापेक्षा जास्त असतात, तीनशेच्या आसपास. आपण वाढतो म्हणजे आपली हाडं एकमेकांना जुळत जातात. बाळाची टाळू मऊ असते, तिच्यावर आजी तेल घालते, ती साधारण दीड वर्षात भरून येते. कण्याच्या तळाशी पाच मणके जुळून एक त्रिकोणी हाड होतं. गळ्याखालच्या हासळीचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी जुळतं, पंचविशीच्या आसपास. मुलगा मिसरूड फुटल्यावर स्वतःला पुरुष समजू लागतो, पण त्याची हासळी म्हणत असते, थांब, अजून माझं काम चालू आहे! आणि हात-पाय पाहा. एका पंज्यात २७ हाडं, एका पावलात २६. दोन हात, दोन पावलं मिळून १०६. म्हणजे अंगातली निम्म्याहून जास्त हाडं निसर्गानं काम करायला आणि चालायला दिली.

हाड मेलेलं, कोरडं, दगडासारखं असतं हा आपला समज सांगाडे पाहून झालेला आहे. जिवंत हाड ओलं असतं, त्यात रक्त खेळतं. त्याच्या पोकळीतल्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात. ते चुनखडीच्या जातीच्या कठीण क्षारांनी आणि चिवट प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेलं असतं. क्षार नसते तर हाड दोरीसारखं वाकलं असतं, धागे नसते तर खडूसारखं मोडलं असतं. आणि हे विणकाम कधीच पुरं होत नाही. काही पेशी जुनं हाड कुरतडत असतात आणि काही नवं भरत असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. जिथं भार पडतो तिथं भरणा जास्त होतो. जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यानं १८९२ मध्ये हा नियम मांडला. भार काढून घेतला की हाड झिजतं. अंतराळात वजन जाणवत नाही, म्हणून अंतराळवीरांच्या कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांतला क्षार महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतो.

याचा अर्थ काय? तुम्ही काय खाल्लं, किती उचललं, कसे बसलात, कधी उपाशी राहिलात, याची नोंद हाडात होत राहते. बालपणी मोठं आजारपण किंवा उपासमार झाली तर दातांच्या मुलाम्यावर आडव्या रेघा उमटतात आणि त्या आयुष्यभर पुसल्या जात नाहीत. जन्मभर उकिडवं बसणाऱ्या माणसाच्या घोट्याच्या हाडावर छोटे घासलेले पृष्ठभाग तयार होतात. म्हणून मी हाडांना बखर म्हणते. राजांच्या बखरी पदरी चिटणीस ठेवून लिहिल्या जातात. ही बखर ज्याची त्याची हाडं लिहितात, आणि खोटं लिहीत नाहीत.

ही बखर वाचणारी माणसं आपल्या पुण्यात आहेत. येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज आहे. १९३९ मध्ये तिथं संशोधन संस्था सुरू झाली आणि ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे अशी माणसं तिथं आली. पुण्यापासून पूर्वेला, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. खाली एक गाव निघालं. आजपासून सुमारे ३६०० ते २७०० वर्षांपूर्वी नांदलेलं. गहू, जव, डाळी, तीळ पिकवणारं. बोरं, जांभळं, आवळे खाणारं. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या पाळणारं. आणि त्या घरांच्या जमिनीखाली आणि अंगणांत दोनशेहून अधिक दफनं मिळाली. त्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केला आणि त्यावरचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही दफनं कशी होती ते सांगते. मोठ्या माणसाला घराच्या जमिनीत खड्डा करून उताणं झोपवलेलं, डोकं उत्तरेला. शेजारी मातीची भांडी. आणि घोट्यांखालचा भाग मुद्दाम तोडलेला. पावलं का तोडली असतील? मेलेला माणूस भूत होऊन परत हिंडू नये म्हणून, असा एक तर्क विद्वानांनी केला आहे. मला कवितेच्या सवयीनं दुसरीही शंका येते : तो सोडून जाऊ नये, घरातच राहावा, म्हणून तर नसेल? शेवटी त्याला चुलीपासून चार हातांवरच ठेवलं होतं. एका माणसाची पावलं मात्र शाबूत होती. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर होतं, त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. म्हणजे मेल्यावर पाय कुणाचे तोडायचे आणि कुणाचे नाही, हा भेद तेव्हाही होता.

उत्तरेकडे डोकं, हे वाचून मी जरा थबकले. आपल्याकडे हिंदू घरांत उत्तरेला डोकं करून झोपू देत नाहीत, कारण ती मयताची दिशा. आमच्याकडे कबरीत मय्यतीचं डोकं उत्तरेलाच असतं, कारण चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे पश्चिमेला वळवायचा असतो. कारणं निरनिराळी आहेत, आणि इनामगावकरांचं कारण तर त्यांच्याबरोबरच गेलं. त्यांचा आणि आमचा या बाबतीत काही धागा आहे असा माझा दावा नाही. पण या मातीत माणसाला झोपवण्याची दिशा साडेतीन हजार वर्षांनीही तीच निघावी, हे मनाला लागतं खरं.

मुलांची दफनं याहून वेगळी. दोन मातीचे घडे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांच्या आत बाळ. जणू पुन्हा गर्भात ठेवलं. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथंही अशीच दफनं मिळाली. १९५४ ते ५६ च्या उत्खननात तिथल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. मण्यांच्या आत धाग्याचे अवशेष टिकून होते. कुणीतरी ते मणी ओवले होते आणि मूल गेल्यावरही काढून घेतले नव्हते. तांबं तेव्हा स्वस्त नव्हतं.

ते मूल मुलगा होतं की मुलगी? हाडं सांगत नाहीत. मोठ्या माणसात कंबरेच्या हाडांवरून स्त्री-पुरुष ओळखता येतो, पण लहान मुलाच्या हाडांवर तो फरक अजून नीट उमटलेला नसतो. हाड एवढंच सांगतं की हे मूल होतं, एवढ्या महिन्यांचं होतं, आणि उपाशी होतं की पोटभर जेवलेलं होतं. अमेरिकेतल्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या या मुलांच्या हाडांवर २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यात दिसतात. त्याच काळात इनामगावची चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या होत्या. पाऊस कमी झाला की शेती बिघडली, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण गावावर दिवस वाईट आले की त्याचा पहिला फटका मुलांच्या हाडांना बसतो, याबद्दल मतभेद होण्यासारखं काही नाही.

श्रोतेहो, हाडं मोजण्याचा एक वाईट इतिहासही आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात कवट्या मोजून माणसांची प्रतवारी लावायचं वेड युरोपात पसरलं होतं. कुठला वंश श्रेष्ठ, कुठला हलका, हे कवटीच्या मापावरून ठरवायचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या इरावतीबाई बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे याच मताचे, पुढे नाझींच्या वंशविचारांना बळ देणारे. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत जो थोडा फरक असतो, तो गोऱ्या युरोपियनांत अधिक असतो आणि त्याचा त्यांच्या बुद्धीशी संबंध आहे, अशी त्यांची समजूत. इरावतीबाईंना कवट्या मोजायचं काम दिलं. त्यांनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, विशी ओलांडलेल्या एका बाईनं आपल्याच गुरूला हे लेखी सांगितलं. कणा ताठ असणं म्हणजे काय, ते मला इथं समजतं.

राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथं डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. तिथं सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा निघाला. त्याच्या कवटीवर, नाकाच्या आणि जबड्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा होत्या. २००९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा जगातल्या सांगाड्यांमधला तो या रोगाचा सर्वांत जुना पुरावा होता. हा रोग हाडापर्यंत पोहोचायला वर्षं लागतात. म्हणजे तो माणूस वर्षानुवर्षं आजार घेऊन जगला आणि शेवटी दगडी भिंतीच्या आवारात, शेणाच्या राखेत त्याला पुरलं गेलं. त्याला कुणी भाकरी देत होतं का, हे हाडात स्पष्ट लिहिलेलं नाही. पण एवढी वर्षं कुणी दिल्याशिवाय तो जगला असेल असं मला तरी वाटत नाही.

आता मी या बखरीत काय सापडत नाही ते सांगते. नाव सापडत नाही. भाषा सापडत नाही. जात आणि धर्म सापडत नाहीत. वय कळतं, उंची कळते, आजार कळतो, कष्ट कळतात. अलीकडे हाडातल्या गुणसूत्रांवरून दूरचे पूर्वजही शोधता येतात. २०१९ मध्ये राखीगढीच्या एका स्त्रीचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो नमुना कानाजवळच्या अतिशय घट्ट हाडातून घेतला होता. त्यावर कोण मूळचं आणि कोण बाहेरचं अशी हमरीतुमरी आपल्याकडे झाली. पण तिनं कुणापुढे हात जोडले, हे त्या हाडानंही सांगितलं नाही. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हे माहीत असतं. त्यांच्या खोलीत 'बोन सेट' असतो, तो कुणाचा हे कुणी विचारत नाही. एके काळी कलकत्त्याहून जगभर सांगाडे निर्यात होत. १९८५ मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. ती हाडं गरिबांची होती. जिवंतपणी ज्यांना कुणी जवळ बसू दिलं नाही, त्यांच्या बरगड्या मोजून जगभरचे डॉक्टर शिकले.

म्हणून हाडांकडे मेल्यानंतर पाहण्यापेक्षा जिवंतपणी पाहावं. माझी अम्मी सत्तरीनंतर हळूहळू वाकत गेली. घरात सगळे म्हणत, 'उमर हुई.' पुढे एक्स-रेमध्ये दोन मणके पाचरीसारखे दबलेले दिसले. ती कुठं पडली नव्हती. हाडं विरळ झाली की असं होतं. हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंत जमा होते आणि पुढे आपण ती खर्च करत राहतो. पाळी थांबल्यावर बायकांचा हा खर्च एकदम वाढतो, कारण हाडांना सांभाळणारं संप्रेरक कमी होतं. आता अम्मीची तिशी आठवा, आणि तुमच्या आईचीही आठवा. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवायचं. दूध मुलांना, साय चहाला, भांड्याला लागलेलं आपल्याला. उन्हात जायचं तर काम असेल तेवढंच. उन्हाशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि त्याच्याशिवाय खाल्लेला चुना हाडाला लागत नाही. बुरख्यातली बाई असो की फ्लॅटमधली, अंगाला ऊन न लागण्यात दोघींची सारखीच गत आहे. ही विषमता कायद्यात नाही, धर्मग्रंथात नाही. ती ताटात आहे, आणि चाळीस वर्षांनी ती कण्यात उतरते.

उपाय महाग नाहीत. नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही, मासे खाणाऱ्यांना काट्यासकट खायची छोटी मासळी. रोज थोडं ऊन, रोज भरपूर चालणं, कारण भार पडल्याशिवाय हाड भरत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी डॉक्टरांना विचारून हाडांची तपासणी करून घ्यावी. आणि घरातल्या मुलीला भावाइतकंच दूध द्यावं. तिची तिशी यायची आहे, तिची पुंजी अजून भरता येते.

साडेतीन हजार वर्षांपूर्वी नेवाशातल्या कुणा आईनं मुलाच्या गळ्यातले मणी काढले नाहीत, एवढं आपल्याला हाडांमुळे कळलं. ती आई स्वतः काय जेवत होती, तेही इथल्याच मातीत कुठंतरी लिहिलेलं असेल. तुमच्या घरची आई काय जेवते, हे कळायला मात्र उत्खननाची गरज नाही. आज रात्री ताटं वाढली जातील तेव्हा तिचं ताट आधी वाढा आणि त्यात काय आहे ते पाहा.